१९५४ सालच्या गिब्सन एल-५० आर्चटॉप गिटारसाठी सुटे भाग कोठून मिळवावेत?

पंचमवेल

नमस्कार. मी मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या जवळ राहतो. येथील एका जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत मला गिब्सनची एल-५० ही आर्चटॉप (वरची पाटी कमानदार असलेली) गिटार मिळाली. ती जेथे बनली ते कॅलमझू गाव येथून मोटारीने काही तासांच्या अंतरावर आहे, त्यामुळे या भागातील घरांत अशी वाद्ये अधूनमधून निघतात. पाटीवरच्या एफ आकाराच्या भोकातून विजेरीचा प्रकाश टाकला असता आतल्या पाठीवर कारखान्याच्या ऑर्डर क्रमांकाचा शिक्का दिसतो आणि त्यात एक्स हे अक्षर आहे. गिब्सनने १९५२ साठी झेड, १९५३ साठी वाय, १९५४ साठी एक्स अशी उलट्या क्रमाची अक्षरे वापरली होती, त्यावरून वर्ष ठरवले आहे. वरची स्प्रूसची पाटी कोरीव असून तिला तडा गेलेला नाही.

अडचण सुट्या भागांची आहे. मूळ लाकडी ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) नाही. त्याच्या जागी कोणीतरी धातूचा आधुनिक ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज बसवला आहे आणि त्याचा लाकडी पाया पाटीला केवळ दोन टोकांना टेकतो. खुंट्या क्लूसन कंपनीच्या, एकेका पट्टीवर तीन-तीन अशा आहेत. त्यांचे दातेचक्र नीट फिरते, पण बोटांनी फिरवायच्या प्लास्टिकच्या कळ्या हात लावताच तुटून पडतात. पिकगार्ड (पाटीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) तपकिरी भुग्याच्या रूपात केसमध्ये सापडला. टेलपीसची (तारांची खालची टोके अडकवण्याच्या धातूच्या भागाची) बिजागरी एका बाजूने निखळली आहे आणि त्यावरील निकेलचा मुलामा खड्ड्याखड्ड्यांनी उडाला आहे. ट्रस रॉडवरचे (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईवरचे) घंटेच्या आकाराचे झाकण गायब आहे. मूळ काळातील भाग शोधावेत की नव्याने बनणाऱ्या प्रतिकृती घ्याव्यात, आणि सुरुवात कोणत्या भागापासून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सरसकट

अभिनंदन. मी पुण्यात तंतुवाद्ये दुरुस्त करतो. माझा पहिला सल्ला असा की आज काहीही विकत घेऊ नका. पण तो तपकिरी भुगा आजच्या आज केसमधून बाहेर काढा आणि शक्य असेल तर ती केसही काही दिवस उघडी ठेवून वारा लागू द्या. जुना पिकगार्ड सेल्युलॉइडचा, म्हणजे सेल्युलोज नायट्रेटचा असतो. हे द्रव्य विघटित होऊ लागले की त्यातून आम्लधर्मी वायू बाहेर पडतो, बंद केसमध्ये तो साठून राहतो आणि जवळच्या धातूला खातो. तुमच्या टेलपीसचा मुलामा ज्या भागात उडाला आहे तो भाग पिकगार्डच्या बाजूचा आहे का, हे पाहा. बहुधा असेल. नवा टेलपीस आणून त्याच केसमध्ये त्या भुग्याशेजारी ठेवला तर काही वर्षांत त्याचीही तीच गत होईल. भुगा ज्वालाग्राही असतो, म्हणून तो घरात साठवू नका. मात्र एखादा तुकडा बाहेरच्या रेषेसकट शाबूत असेल, तर फेकण्यापूर्वी त्याचा आकार कागदावर उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट मानेच्या कोनाची. मानेवर सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजच्या जागेपर्यंत न्या आणि पाटीपासून तिची उंची मोजा. फ्रेटांच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) माथ्यावरून गेलेली रेषा तेथे पाटीपासून साधारण २५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर चिंता नाही. ती फारच खाली असेल तर मान सांध्यातून सोडवून पुन्हा बसवावी लागेल, आणि ते काम झाल्यावर ब्रिजची उंची बदलेल. म्हणजे आज मापून घेतलेला ब्रिज उद्या निकामी. त्याच वेळी पाटीवर बोटाने हलके टिचक्या मारून आतल्या आधारपट्ट्या सुटल्या आहेत का, हेही ऐका. सुटलेली पट्टी खरखरते. सांध्यांत मूळ सरस आहे, तो ऊब आणि ओलावा दिल्यावर सुटतो. कोणी इपॉक्सी सुचवले तर नम्रपणे नकार द्या.

आटेदार

माझा पेशा यंत्रशाळेचा आहे, त्यामुळे लाकडाविषयी बोलत नाही. भाग मागवताना लोक मॉडेलचे नाव शोधतात आणि मापे नंतर घेतात. क्रम उलटा हवा. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि पुढील मापे लिहून काढा.

खुंट्यांच्या पट्टीवर दोन दांड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर अगदी नेमके मोजा. तीन-तीनच्या पट्ट्या वेगवेगळ्या अंतरांच्या मिळतात आणि त्यात एक-दोन मिलिमीटरचा फरक असला तरी मधली खुंटी बसते व टोकाच्या दोन्ही अडकतात. मग माणूस भोके रुंदावू लागतो, आणि ते सहसा परत भरून येत नाही. डोक्याच्या भोकाचा व्यासही पाहा. जुन्या क्लूसनसाठी दाबून बसवायच्या बुशिंगला (दांडीभोवतीच्या धातूच्या कड्याला) साधारण ८.७ मिलिमीटरचे भोक असते, तर आजच्या बंद पेटीच्या खुंट्यांना १० मिलिमीटर लागते. आधीच्या मालकाने रिमर फिरवून भोक मोठे केले असेल, तर जुन्या पद्धतीच्या दांड्या बसवण्यासाठी जाड कडेची रूपांतर-बुशिंगे मिळतात. नवे लाकूड भरण्याची गरज नसते.

ब्रिजच्या खांबांचे आटे हा दुसरा सापळा. अमेरिकी जुन्या ब्रिजवर इंची मापाच्या ६-३२ आट्याचे खांब असतात, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचे. पूर्वेकडून येणाऱ्या बहुतेक ब्रिजवर मेट्रिक मापाचे एम-४ असतात. ब्रिजची उंची बदलणारी चाकी एका जातीची आणि खांब दुसऱ्या जातीचा असा संसार जमत नाही. दोन खांबांमधील अंतर गिब्सनच्या पद्धतीत सुमारे ७४ मिलिमीटर असते, तेही तपासा. ट्रस रॉडचा नट १०-३२ आट्याचा आणि ५/१६ इंच पान्याचा असतो. मिलिमीटरचा "जवळपास बसणारा" पाना लावून त्याचे कोपरे गोल करू नका. झाकण नसलेल्या गिटारींत तो नट बहुधा कोणीतरी आधीच चावलेला असतो. तो नट नवा मिळतो आणि स्वस्त असतो.

जुनाबाजार

मी न्यू जर्सीत असतो आणि जुनी अमेरिकी वाद्ये जमवतो. वरील दोन्ही सल्ले उत्तम आहेत, परंतु प्रतिकृतींच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. सत्तर वर्षे टिकलेल्या वाद्याला त्याच काळातील भाग मिळत असताना नवे लावणे मला पटत नाही. हे भाग मिळतात, कारण दर वर्षी मान मोडलेल्या किंवा पाटी फुटलेल्या कितीतरी गिटारी सुट्या करून विकल्या जातात. रिव्हर्ब आणि ईबे या दोन्ही विक्री-संकेतस्थळांवर एल-४८, एल-५० आणि ईएस-१२५ या तिन्ही नावांनी शोध घ्या. ही एकाच कारखान्यातील १६ इंच रुंदीची भावंडे असल्यामुळे त्यांचे ब्रिज, टेलपीस आणि खुंट्या पुष्कळदा एकमेकांना चालतात. मिशिगनमध्येच लॅन्सिंगला एल्डर्ली इन्स्ट्रुमेंट्स हे वाद्यांचे दुकान आहे; तेथे जाऊन वाद्यासकट विचारणे तुम्हाला सहज शक्य आहे.

विक्रेत्याकडून तीन छायाचित्रे मागा: भागाची मागची बाजू, मोजपट्टी शेजारी ठेवलेले एक, आणि आटे किंवा बिजागरी जवळून दाखवणारे एक. "विंटेज" आणि "विंटेज पद्धतीचा" यांत पैशांचा मोठा फरक आहे. मुद्दाम आम्लाच्या वाफेत ठेवून काळवंडलेला नवा मुलामा सगळीकडे सारखा मळका दिसतो. खरा जुना मुलामा मनगट टेकते तेथे झिजलेला आणि कोपऱ्यात उजळ असतो.

सरसकट

जुनाबाजार, आपले म्हणणे एल-५ किंवा सुपर ४०० या गिब्सनच्या महागड्या आर्चटॉपसाठी मी निमूटपणे मान्य करीन. पण एल-५० हे गिब्सनचे कष्टकऱ्यांचे वाद्य होते, ते वाजवण्यासाठी घेतले जाई. त्याच्यासाठी १९५० च्या दशकातील ब्रिज आणायचा म्हटले तरी त्याचा पाया दुसऱ्या गिटारीच्या पाटीवर घासून बसवलेला असणार. कोरीव पाटीची गोलाई प्रत्येक वाद्यात थोडी वेगळी असते. तो या पाटीवर बसवायचा तर पुन्हा घासावा लागेल, म्हणजे ज्या मूळपणासाठी आपण पैसे मोजले तोच आपण पॉलिश पेपरने झिजवणार. शिवाय त्याची उंचीही कमी होणार. ब्रिज नवाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खुंट्यांच्या बाबतीत तर भाग बदलण्याचेच कारण दिसत नाही: चक्रे चांगली आहेत, केवळ कळ्या गेल्या आहेत. तशाच आकाराच्या नव्या कळ्या सुट्या मिळतात. दांडीचे चपटे टोक सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवायचे आणि कळी हळूहळू त्यावर दाबायची. प्लास्टिक वितळून टोकाला धरते. जुन्या कळीचे अवशेष आधी पूर्ण खरवडून काढावे लागतात.

मूळ भाग जपणे म्हणजे माझ्या दृष्टीने नवे भोक न पाडणे, लाकूड न काढणे आणि जे काही उतरवले ते चिठ्ठी लावून डबीत ठेवणे. एवढे पाळले की प्रतिकृती लावण्यात काहीच गमावत नाही. पुढच्या मालकाला वाटले तर तो एका संध्याकाळी ती उतरवू शकेल.

जुनाबाजार

ब्रिजबद्दल आपला मुद्दा मान्य. टेलपीसबद्दल मात्र मी हटणार नाही. नव्या स्वस्त टेलपीसचा पत्रा पातळ असतो आणि तारा ताणल्यावर त्याची बिजागरी वाकून संपूर्ण तुकडा वर उचलला जातो. मग तारांचा ब्रिजवरील कोन कमी होतो आणि आवाज पातळ येतो.

आटेदार

मग टेलपीस घेऊच नका, दुरुस्त करा. पंचमवेल यांनी लिहिले आहे की बिजागरी निखळली आहे. मोडली आहे असे लिहिलेले नाही. पत्र्याच्या गुंडाळ्या शाबूत असतील आणि मधली पिन झिजली किंवा पडली असेल, तर योग्य व्यासाची पोलादी सळई कापून घालणे हे कोणत्याही लेथवाल्याचे दहा मिनिटांचे काम आहे. पितळ वापरू नका, ते मऊ पडते. गुंडाळी तडकली असेल तर चांदीच्या डाकाने जोडता येते, पण उष्णतेने आजूबाजूचा मुलामा काळा होईल. खड्डे पडलेला मुलामा पुन्हा चढवण्याच्या भानगडीत पडू नये असे मला वाटते, कारण त्यासाठी आधी खड्ड्यांच्या तळापर्यंत धातू घासावा लागतो आणि पत्रा आणखी पातळ होतो.

लीड्सकर

थोडे युरोपातून. माझ्याकडे ह्योफ्नर या जर्मन कंपनीची सेनेटर ही आर्चटॉप आहे. ह्योफ्नर ही मूळची शोनबाखची कंपनी, महायुद्धानंतर बव्हेरियातील बुबेनरॉइथ येथे गेली, आणि इंग्लंडमध्ये तिच्या गिटारी सेल्मर या वितरक कंपनीमार्फत विकल्या जात. हे सांगण्याचे कारण असे की बाजारात "आर्चटॉप ब्रिज" या एकाच नावाखाली जर्मन पद्धतीचे ब्रिजही येतात, ज्यांच्या सॅडलमध्ये (तारा टेकतात त्या वरच्या भागात) फ्रेटच्या तारेचे छोटे तुकडे खाचांत बसवलेले असतात. ते दिसायला आकर्षक असतात, पण खांबांचे अंतर, आटे आणि उंची सगळे मेट्रिक आणि वेगळे. माझ्या गिटारीसाठी तेच हवे, तुमच्या गिटारीसाठी मुळीच नको.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलांना मिळणारी करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे जर्मनी किंवा जपानमधून एखादी पंधरा डॉलरची वस्तू मागवण्यापूर्वी जकात आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क धरून हिशेब करा. पिकगार्ड मागवत असाल तर पाकिटावर "कासवाच्या कवचाचा" असा शब्द कोणी लिहिणार नाही याची काळजी घ्या. तो नमुना प्लास्टिकचा असतो, परंतु खऱ्या कवचाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी असल्यामुळे तो एक शब्द पार्सल अडकवायला पुरेसा आहे. खरे सेल्युलॉइड ज्वालाग्राही माल म्हणून विमानाने पाठवणे कठीण जाते. बहुतेक कारागीर आता दुसऱ्या प्लास्टिकमध्येच तो नमुना देतात, आणि सरसकट यांनी सांगितलेल्या वायूचा विचार करता ते बरेच आहे.

मिरजकर_नातू

माझ्या आजोळी सतार-तंबोऱ्यांचे काम चालते, म्हणून ब्रिजबद्दल चार शब्द लिहितो. आमच्याकडे घोडीच्या वरच्या पृष्ठभागाला जवारी काढतात, तेथे तार घोडीवर रुंद टेकून झणकारते. आर्चटॉपमध्ये वरची धार निमुळती हवी आणि सगळी मेहनत खालच्या पायावर असते. पद्धत सोपी आहे: पाटीवर ब्रिजच्या जागी पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून सपाट धरा, तो हलणार नाही असा चिकटपट्टीने रोखा, आणि पाया तारांच्या दिशेने मागे-पुढे थोडाच घासा. आडवा घासलात तर पाया डुलू लागेल. शेवटी पाटीला खडू लावून पाया ठेवावा. खडू जेथे लागत नाही तेथे अजून अंतर आहे. तारांच्या दाबाखाली पाया मध्ये किंचित लवतो, म्हणून शेवटची तपासणी चाक्यांवर हाताने दाब देऊनच करावी.

लाकूड शिसवीचे घ्यावे की आबनुसाचे, हा आवाजाच्या चवीचा प्रश्न आहे. तुमच्या मॉडेलला शिसवी शोभते आणि आवाज थोडा मऊ राहतो. भारतातून कोणाकडून ब्रिज बनवून घेण्याचा विचार असेल तर तयार ब्रिज मागवा, कच्ची पट्टी नको. शिसवी ज्या वंशात येते त्या डालबर्जिया वंशाची उरलेली सर्व झाडे २०१७ च्या जानेवारीत साइट्सच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला ती नाही. ब्राझिलची शिसवी १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, तिला ही सूट लागू होत नाही. लाकडाच्या कागदपत्रांवरून खुद्द गिब्सनवर २००९ आणि २०११ मध्ये छापे पडले होते आणि २०१२ मध्ये तीन लाख डॉलर दंड भरून त्यांना तडजोड करावी लागली होती, त्यामुळे अमेरिकेत या गोष्टीकडे कोणी हलक्याने पाहत नाही. आमच्याकडेही सांबराच्या शिंगाच्या घोड्या वन्यजीव कायद्यामुळे बंद झाल्या.

एक विनंती. भारतात जुनी आर्चटॉप मिळाली तर ती पुष्कळदा मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजवण्यासाठी बदललेली असते: मानेच्या टोकाला तारा उचलून धरणारी उंच पट्टी, काढलेले फ्रेट, मानेच्या कडेला तरफांच्या खुंट्यांसाठी चिकटवलेली पट्टी. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा याच जातीच्या गिटारीतून घडली. असे वाद्य कोणाच्या हाती आले तर मूळ भाग शोधण्यापूर्वी, ते कोणी वाजवले होते याची चौकशी करावी. तो बदलही त्या वाद्याचा इतिहास असतो.

पंचमवेल

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. मानेवरून नेलेली पट्टी ब्रिजच्या जागी पाटीपासून २४ मिलिमीटर वर आहे. आधारपट्ट्या खरखरत नाहीत. डोक्याची भोके वाढवलेली नाहीत. टेलपीसचा मुलामा उडालेली बाजू पिकगार्डचीच आहे, आणि बिजागरीतील पिन खरोखरच गायब आहे; गुंडाळ्या शाबूत आहेत. ट्रस रॉडच्या नटाचे कोपरे मात्र झिजलेले निघाले.

त्यामुळे खुंट्यांसाठी केवळ कळ्या, टेलपीससाठी पोलादी पिन, एक नवा नट, झाकण आणि घासून बसवण्याजोगा शिसवी ब्रिज, एवढीच यादी उरली. पिकगार्ड सध्या लावणार नाही. त्याच्या कंसाचा स्क्रू व भोक जसेच्या तसे ठेवतो. एकच शंका: ब्रिजचे सॅडल दोन प्रकारचे दिसते, एकात तिसऱ्या तारेची पायरी पुढे आहे आणि दुसऱ्यात मागे. कोणते घ्यावे?

सरसकट

ते तुम्ही कोणत्या तारा लावणार यावर ठरेल. आर्चटॉपवर तिसरी तार, म्हणजे जी, पूर्वी गुंडाळलेलीच (वर बारीक तारेचे वेढे असलेली) असे, आणि जुन्या सॅडलची पायरी तिच्यासाठीच कापलेली असते. आजचे अनेक सॅडल साध्या, न गुंडाळलेल्या जी तारेसाठी कापलेले येतात. त्यावर गुंडाळलेली तार लावली तर ती वरच्या फ्रेटांवर बेसूर वाजते, आणि माणूस ब्रिज पुढे-मागे सरकवत बसतो. गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा संच घ्या, पहिल्या तारेची जाडी बारा (इंचाचे हजारांश) असलेला पुरे. सॅडल निवडताना तारांचा क्रम लक्षात ठेवा. पहिल्या तारेपासून गुंडाळलेल्या तारेपर्यंत पायऱ्या टेलपीसकडे सरकत जातात, आणि गुंडाळणी सुरू होते तेथे पायरी पुन्हा फिंगरबोर्डकडे उडी घेते. तुमच्या सॅडलमध्ये ही उडी दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये हवी. ती तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मध्ये असेल तर ते सॅडल साध्या जी तारेचे आहे. ब्रिज ठेवताना बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि त्याच जागचा हार्मोनिक (तारेला हलका स्पर्श करून निघणारा सूर) पहिल्या व सहाव्या तारेवर जुळवा, आणि जागा ठरली की पाटीवर खूण न करता कागदाच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे पायाशेजारी लावा. जुन्या नायट्रो लॅकरवर (सेल्युलोज नायट्रेटच्या रोगणावर) ती पट्टी रात्रभर ठेवू नका, काढताना लॅकर सुटण्याची भीती असते.

आटेदार

आणि नवा नट बसवण्याआधी सळईच्या आट्यांवर तारेचा ब्रश फिरवून मेणाचा एक थेंब लावा. प्रथम सैल सोडून पाहा, मगच ताणा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको.

पंचमवेल

उत्तम. कळ्या, नट आणि गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचे सॅडल असलेला ६-३२ खांबांचा शिसवी ब्रिज आज मागवतो. पिनसाठी आटेदार यांना गुंडाळीचा आतला व्यास मोजून व्यक्तिगत निरोपातून कळवतो.